सरफॅक्टंटचे सुलभ जैवविघटन : मॅनोमेट्रिक चाचणीच्या प्रकल्प नोंदी

२० डिसेंबर

आज चाचणीची पद्धत ठरवली. प्रकल्पाचा प्रश्न असा आहे की, सफाईच्या आणि जंतुनाशक द्रव्यांत वापरली जाणारी चार वेगवेगळ्या जातींची सरफॅक्टंट (पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी, फेस आणणारी द्रव्ये) पाण्यात मिसळल्यावर सूक्ष्मजीव ती किती सहजपणे आणि किती पूर्णपणे मोडतात. निवडलेले चार नमुने असे : सोडियम डोडेसिल सल्फेट म्हणजे एसडीएस, रेषीय अल्किल बेंझीन सल्फोनेट म्हणजे एलएएस, बारा कार्बनची साखळी व सरासरी सात इथॉक्सी घटक असलेले अल्कोहोल इथॉक्सिलेट, आणि बेंझाल्कोनियम क्लोराइड. यांपैकी पहिली दोन ऋणभारित आहेत, तिसऱ्यावर विद्युतभार नाही आणि चौथे धनभारित आहे.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या ३०१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत, जिचे सध्याचे रूप १९९२ मध्ये स्वीकारले गेले, सुलभ जैवविघटनशीलता तपासण्याच्या सहा पद्धती दिल्या आहेत. त्यांतल्या दोन पद्धती विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनची घट मोजतात, एक पद्धत बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजते आणि उरलेल्या तीन वापरला गेलेला ऑक्सिजन मोजतात. सरफॅक्टंटच्या बाबतीत ही निवड केवळ सोयीची राहत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या पद्धतीत बाटलीतून सतत हवा सोडावी लागते. त्यामुळे द्रावणाला फेस येतो, फेसाबरोबर नमुना आणि चाचणीसाठी घातलेला जीवाणूंचा गाळ दोन्ही वर चढून काचेला चिकटतात, आणि चाचणीच्या द्रवात नेमके किती द्रव्य उरले हे सांगता येत नाही. विरघळलेल्या कार्बनची घट मोजणाऱ्या पद्धतीत याहून मोठा धोका आहे. धनभारित सरफॅक्टंट ऋणभारित गाळाला आणि काचेला घट्ट चिकटते, पाण्यातला कार्बन कमी झालेला दिसतो, आणि एकही रेणू मोडलेला नसताना विघटन झाल्याचा आभास होतो.

म्हणून मॅनोमेट्रिक श्वसनमापनाची पद्धत, म्हणजे ३०१ एफ, घेतली आहे. यात बाटली बंद असते आणि द्रव चुंबकीय स्टररने सावकाश ढवळला जातो. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड झाकणाखालच्या अल्कलीत शोषला जातो, त्यामुळे बाटलीतील दाबाची घट थेट वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनचे माप ठरते. द्रव्य काचेला चिकटले काय किंवा गाळात शिरले काय, ते मोडल्याशिवाय ऑक्सिजन खर्च होत नाही, आणि आमच्या प्रश्नाला याच गोष्टीची गरज आहे.

२७ डिसेंबर

नमुन्यांची सैद्धांतिक ऑक्सिजन मागणी काढली. रेणूतील सर्व कार्बनचे कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजनचे पाणी आणि गंधकाचे सल्फेट होण्यासाठी किती ऑक्सिजन लागेल, ते हे गणित सांगते. एसडीएसच्या एका मोलला १८ मोल ऑक्सिजन लागतो, म्हणजे २८८.४ ग्रॅमला ५७६ ग्रॅम; त्यामुळे एका मिलिग्रॅमला जवळजवळ २.०० मिलिग्रॅम. व्यापारी एलएएस हे एकच संयुग नसून दहा ते तेरा कार्बनच्या साखळ्यांचे मिश्रण असते. आमच्या नमुन्याची सरासरी साखळी ११.६ कार्बनची आहे, त्यावरून मागणी २.३२ येते. अल्कोहोल इथॉक्सिलेटची २.३०, आणि बारा कार्बनच्या बेंझाल्कोनियम क्लोराइडची, नायट्रोजन अमोनियाच्या रूपात राहतो असे धरल्यास, २.७८ आहे. तो नायट्रोजन नायट्रेटपर्यंत गेला तर हीच मागणी २.९६ होते, म्हणून चाचणीच्या शेवटी नायट्राइट व नायट्रेट मोजावे लागतील. संदर्भ पदार्थ, म्हणजे सहज मोडणारा आणि गाळाची क्षमता तपासणारा पदार्थ, सोडियम बेंझोएट आहे, त्याची मागणी १.६७.

या पद्धतीत साधारणपणे नमुना लिटरमागे १०० मिलिग्रॅम घेतात, मात्र सैद्धांतिक मागणी लिटरमागे किमान ५० ते १०० मिलिग्रॅम भरली पाहिजे अशी अट असते. आम्ही जाणीवपूर्वक नमुना १०० मिलिग्रॅमपेक्षा बराच कमी घ्यायचे ठरवले, कारण सरफॅक्टंट जीवाणूंच्या पेशीपटलावरच काम करते आणि जास्त मात्रेत ते स्वतःच्याच विघटनाला अडथळा आणू शकते. प्रत्येक बाटलीत सैद्धांतिक मागणी लिटरमागे १०० मिलिग्रॅम येईल एवढाच नमुना टाकायचा : एसडीएस ५० मिलिग्रॅम, एलएएस ४३, इथॉक्सिलेट ४३.५, बेंझाल्कोनियम ३६ आणि बेंझोएट ६०. याचा एक फायदा असा की, ब्लँक, म्हणजे नमुना न घातलेल्या बाटलीचा खर्च, वजा केल्यानंतर लिटरमागे जितके मिलिग्रॅम ऑक्सिजन उरेल, तोच आकडा विघटनाची टक्केवारी म्हणून वाचता येतो आणि नोंदवहीत आकडेमोडीला जागाच राहत नाही.

एलएएस आणि बेंझाल्कोनियमचे नमुने पाण्यातील द्रावणाच्या रूपात आलेले असल्यामुळे त्यांतील सक्रिय द्रव्याचे प्रमाण आधी निश्चित केले. अल्कोहोलसारखा एखादा द्रावक नमुन्यात राहिला तर तो पहिल्या दोन दिवसांत सहज मोडतो आणि श्रेय सरफॅक्टंटला मिळते, म्हणून द्रावकरहित नमुन्यांचाच आग्रह धरला. रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजून गणिताशी पडताळली; दोन्ही आकडे जुळतात.

३ जानेवारी

मुख्यतः घरगुती सांडपाणी येणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून सक्रियित गाळ आणला. तो जाड चाळणीतून गाळून घेतला, खनिज माध्यमाने, म्हणजे क्षारांच्या द्रावणाने, धुतला आणि आता चाचणीच्याच तापमानाला हवा देत ठेवला आहे. पाच ते सात दिवस असे ठेवल्याने गाळात साठलेले अन्न संपते आणि ब्लँक बाटलीचा श्वासोच्छ्वास खाली येतो. या काळात गाळाला आमच्या कोणत्याही नमुन्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. सुलभ जैवविघटनाच्या चाचणीचा कठोरपणा याच अटीत आहे : गाळ त्या द्रव्याला आधीपासून सरावलेला नको, जीवाणूंची संख्या थोडी हवी, आणि नमुना हाच कार्बनचा एकमेव स्रोत हवा. इतक्या प्रतिकूल स्थितीत जे द्रव्य मोडते ते नदीनाल्यात आणि शुद्धीकरण केंद्रात हमखास मोडेल, असा त्यामागचा विचार आहे. मात्र याचे उलट खरे नाही, आणि निकाल लिहिताना ते विसरता कामा नये.

९ जानेवारी : चाचणीचा शून्य दिवस

खनिज माध्यम ताजे तयार केले. फॉस्फेट आणि अमोनियम क्लोराइडचे साठा-द्रावण लिटरमागे १० मिलिलिटर, आणि कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट व फेरिक क्लोराइड यांची द्रावणे प्रत्येकी १ मिलिलिटर. पीएच ७.४. गाळ कोरड्या वजनाने लिटरमागे ३० मिलिग्रॅम येईल एवढा घातला. तापमान २२ अंश सेल्सियस, फरक दोन अंशांच्या आत, आणि बाटल्या अंधारात आहेत.

प्रत्येक नमुन्याच्या जोडबाटल्या, ब्लँकची जोडी, बेंझोएटची जोडी, आणि प्रत्येक सरफॅक्टंटसाठी एक विषारीपणाचे नियंत्रण अशी मांडणी आहे. या नियंत्रण-बाटलीत सरफॅक्टंट आणि बेंझोएट दोन्ही असतात. बेंझोएट एरवी चटकन मोडते. तेच सरफॅक्टंटच्या सहवासात अडले तर दोष जीवाणूंच्या अक्षमतेचा नसून त्यांच्यावर झालेल्या आघाताचा आहे, हे कळते. खर्च आणि जागा वाचवण्यासाठी ही बाटली वगळण्याचा मोह होतो, पण जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्याची चाचणी तिच्याशिवाय करण्यात अर्थ नाही. याशिवाय एलएएस आणि एसडीएसच्या जादा बाटल्या फक्त नमुने काढून मिथिलीन ब्लू चाचणी (ऋणभारित सरफॅक्टंट रंगाच्या साहाय्याने मोजण्याची चाचणी) करण्यासाठी ठेवल्या आहेत, म्हणजे ऑक्सिजन मोजायच्या बाटल्या मध्येच उघडाव्या लागणार नाहीत.

झाकणे घट्ट केल्यानंतर तापमान स्थिर होईपर्यंत थांबून दाबाचे शून्य निश्चित केले. या उपकरणात तापमानातला थोडासा बदलही दाबात उमटतो आणि तो ऑक्सिजनचा खर्च म्हणून मोजला जातो.

११ जानेवारी

एसडीएसच्या बाटल्यांनी ब्लँक वजा जाता १० टक्क्यांची रेषा ओलांडली. दहा दिवसांची खिडकी, म्हणजे उत्तीर्णतेचे ६० टक्के गाठण्याची मुदत, इथून मोजायची. बेंझोएटही सुरू झाले आहे. बाकीच्या बाटल्या ब्लँकच्या आसपास आहेत.

१३ जानेवारी

इथॉक्सिलेटने काल, तर एलएएसने आज १० टक्के गाठले. एसडीएस मात्र कितीतरी पुढे गेले आहे आणि या फरकाचे कारण रेणूच्या रचनेत स्पष्ट दिसते. एसडीएसमध्ये गंधक ऑक्सिजनच्या पुलावरून साखळीला जोडलेले असते. हा एस्टर बंध अनेक जीवाणूंची सल्फेटेझ विकरे सहज तोडतात, त्यातून डोडेकॅनॉल निघते, त्याचे लॉरिक आम्ल होते आणि पुढे कोणत्याही मेदाम्लासारखे त्याचे बीटा-ऑक्सिडेशन होते, म्हणजे साखळीचे दोन-दोन कार्बन कापले जातात. एलएएसमध्ये गंधक थेट बेंझीनच्या कड्याला जोडलेले असते आणि तो बंध अशा साध्या जलविच्छेदनाने तुटत नाही. जीवाणूंना साखळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी लागते. आधी टोकाच्या कार्बनचे ऑक्सिडीकरण होते, मग दोन-दोन कार्बन कापत साखळी आखूड होते, आणि सर्वांत शेवटी कडे फुटून सल्फेट मोकळे होते. ज्या समघटकांत (अणू तेच पण जोडणी वेगळी असलेल्या रेणूंत) कडे साखळीच्या टोकाजवळ असते, म्हणजे मोकळे टोक गंधकापासून दूर असते, ते समघटक आधी मोडतात.

याच कारणाने साखळीचा सरळपणा इतका महत्त्वाचा ठरला. एलएएसच्या आधी सर्वत्र वापरात असलेल्या टेट्राप्रोपिलीन बेंझीन सल्फोनेटची साखळी फांद्यांनी भरलेली होती, त्या फांद्यांवर बीटा-ऑक्सिडेशन अडत असे, आणि १९५० च्या दशकात नद्यांवर व शुद्धीकरण केंद्रांच्या टाक्यांवर फेसाचे थर साचू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये यासाठी कायदा केला, आणि अमेरिकेतील साबण-डिटर्जंट उद्योग १९६५ मध्ये रेषीय साखळीकडे वळला. आपण आज ज्या चाचण्या करतो त्यांचा उगम त्या फेसात आहे. आणि मला वाटते, त्या चाचण्यांची पहिली मर्यादाही तिथेच आहे, कारण सुरुवातीच्या नियमांनी फक्त फेस आणणारा गुणधर्म नाहीसा होतो की नाही एवढेच पाहिले.

१६ जानेवारी

सातवा दिवस. एलएएसच्या जादा बाटलीतून नमुना काढून मिथिलीन ब्लू चाचणी केली. ऋणभारित सरफॅक्टंट या निळ्या रंगाशी जोडी करून क्लोरोफॉर्मच्या थरात उतरते आणि ६५२ नॅनोमीटरला त्या थराचे शोषण मोजता येते. आजच्या थरात निळेपणा जेमतेम दिसतो; सुरुवातीच्या मानाने ९५ टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. बाटली हलवली तर फेसही टिकत नाही.

त्याच दिवशी ऑक्सिजनच्या बाटल्या ३१ टक्के दाखवतात.

या दोन आकड्यांमधली दरी हा माझ्या दृष्टीने या प्रकल्पाचा गाभा आहे. मिथिलीन ब्लूला फक्त अखंड, लांब साखळीचा रेणू दिसतो. साखळीचे टोक आम्लात बदलून ती काही कार्बनांनी आखूड झाली की उरलेले सल्फोफिनाइल कार्बोक्झिलेट क्लोरोफॉर्ममध्ये जवळजवळ उतरत नाही, आणि चाचणी सांगते की द्रव्य संपले. प्रत्यक्षात बेंझीनचे कडे, त्यावरचा सल्फोनेट गट आणि साखळीचा मोठा भाग अजून पाण्यातच असतो. पहिल्या मोजमापाला प्राथमिक विघटन म्हणतात आणि दुसऱ्याला अंतिम विघटन. एलएएसच्या बाबतीत मधले तुकडे पुढे मोडतात, म्हणून ही दरी काही आठवड्यांत भरून येते. पण नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटच्या बाबतीत ती भरून आली नाही : त्याच्या इथॉक्सी साखळ्या जीवाणूंनी कापल्या, प्राथमिक विघटन समाधानकारक दिसले, आणि मागे उरलेले नोनिलफिनॉल मूळ द्रव्यापेक्षा अधिक टिकाऊ आणि जलचरांमध्ये इस्ट्रोजेनसारखी क्रिया करणारे निघाले. युरोपीय संघाने २००३ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले. युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंट नियमावलीत सरफॅक्टंटसाठी अंतिम विघटनाची अट मुख्य झाली, त्यामागे हाच अनुभव आहे.

१९ जानेवारी

एसडीएस ८१ टक्क्यांवर आहे आणि खिडकी संपायच्या आधीच ६० ची मर्यादा पार झाली आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल आता शंका उरली नाही. इथॉक्सिलेट ६२ टक्के, तेही खिडकीच्या आत. त्याच्या आलेखात मध्ये थोडा सपाट टप्पा दिसतो. रेणू मध्यावर तुटून मेद-अल्कोहोल आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल असे दोन भाग झाले, पहिला भाग लगेच संपला आणि दुसऱ्यावर काम करणाऱ्या जीवाणूंना वाढायला वेळ लागला, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण आहे. या आलेखावरून ते सिद्ध होत नाही, म्हणून अहवालात ते शक्यता म्हणूनच लिहायचे.

२३ जानेवारी : चौदावा दिवस

आज दोन निर्णायक वाचने होती.

बेंझोएट ८४ टक्क्यांवर आहे. संदर्भ पदार्थाने चौदाव्या दिवसापर्यंत ६० टक्के गाठले पाहिजेत ही अट पूर्ण झाली, म्हणजे गाळ सक्षम आहे आणि आजवरची वाचने ग्राह्य आहेत.

दुसरे वाचन बेंझाल्कोनियमच्या विषारीपणाच्या नियंत्रणाचे होते. त्या बाटलीत दोन पदार्थ मिळून सैद्धांतिक मागणी लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि चौदा दिवसांत तिच्या २५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम, ऑक्सिजन वापरला गेला नाही तर द्रव्य जीवाणूंना रोधक आहे असे मानतात. बाटलीचे वाचन ब्लँकपेक्षाही खाली आहे. शेजारच्या बाटलीत ८४ टक्के मोडलेले बेंझोएट इथे जसेच्या तसे पडून आहे. फक्त बेंझाल्कोनियम असलेल्या बाटल्याही ब्लँकच्या खाली, म्हणजे आकड्यांच्या भाषेत विघटन शून्याहून कमी.

या निकालाचा अर्थ काळजीपूर्वक लिहिला पाहिजे. लिटरमागे ३६ मिलिग्रॅम या मात्रेत बेंझाल्कोनियम क्लोराइडने गाळाचा श्वासोच्छ्वासच दाबून टाकला, आणि त्यामुळे ते मोडते की नाही या प्रश्नाला या चाचणीने उत्तर दिलेले नाही. “विघटन ० टक्के” एवढेच लिहून मोकळे होणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नोंदवणे होईल. इतर तीन सरफॅक्टंटच्या नियंत्रण-बाटल्या २५ टक्क्यांच्या बऱ्याच वर आहेत.

एलएएस आज ५७ टक्के. दहा दिवसांची खिडकी १३ जानेवारीला उघडली होती, ती आज बंद झाली.

३० जानेवारी

एलएएसने ६० ची मर्यादा ओलांडली असून वक्र अजून चढतो आहे. बाकी बाटल्या स्थिर.

६ फेब्रुवारी : अठ्ठाविसावा दिवस

अंतिम वाचने. एसडीएस ९२ टक्के, इथॉक्सिलेट ८२, एलएएस ६६ आणि ७१, म्हणजे सरासरी ६८.५, बेंझाल्कोनियम शून्याखाली. ब्लँकचा ऑक्सिजन खर्च लिटरमागे २६ मिलिग्रॅम झाला. तो साधारणपणे २० ते ३० असतो आणि ६० च्या वर जाता कामा नये. कोणत्याही जोडबाटल्यांमधला फरक २० टक्क्यांच्या अटीजवळही गेला नाही. पीएच सर्व बाटल्यांत ६ ते ८.५ च्या दरम्यान. चाचणी वैध आहे.

एसडीएस ९२ वर का थांबले असे विचारले गेले, म्हणून नोंदवतो. जीवाणू अन्नातला सर्व कार्बन जाळत नाहीत. त्यातला काही भाग ते स्वतःच्या नव्या पेशी बांधायला वापरतात आणि तो भाग ऑक्सिजनच्या हिशेबात लगेच येत नाही. म्हणूनच ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडवर आधारलेल्या पद्धतींत उत्तीर्णतेची मर्यादा ६० टक्के, तर विरघळलेल्या कार्बनच्या पद्धतींत ७० टक्के ठेवली आहे. ६० टक्के विघटन म्हणजे ४० टक्के द्रव्य पाण्यात शिल्लक, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

८ फेब्रुवारी

नायट्रेटची मोजमापे आली आणि त्यांनी एलएएसच्या निकालात एक बारकावा आणला, त्यावर आज बराच वेळ चर्चा झाली.

माध्यमात लिटरमागे ५ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड असते, म्हणजे सुमारे १.३ मिलिग्रॅम नायट्रोजन. तो सगळा नायट्रेटपर्यंत गेला तर त्यासाठी लिटरमागे जवळजवळ ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. ब्लँक बाटल्यांत बहुतेक अमोनियमचे खरोखरच नायट्रेट झालेले आढळले. एलएएसच्या बाटल्यांत मात्र नायट्रेट फार थोडे आहे, कारण तिथे वाढणाऱ्या जीवाणूंनी तो नायट्रोजन पेशी बांधायला वापरला. आपण एलएएसच्या वाचनातून ब्लँकचा पूर्ण खर्च वजा करतो, तेव्हा एलएएसच्या बाटलीत न घडलेल्या नायट्रीकरणाचा ऑक्सिजनही वजा होतो, आणि विघटन काही टक्क्यांनी कमी दिसते. आमच्या मांडणीत हा फरक जास्तीत जास्त सहा टक्क्यांचा असू शकतो. बेंझाल्कोनियमची वाचने शून्याखाली जाण्यातही याचा वाटा आहे, कारण नायट्रीकरण करणारे जीवाणू अशा आघाताला विशेष हळवे असतात.

प्रश्न असा उभा राहिला की, चौदाव्या दिवशीचे ५७ टक्के ही दुरुस्ती करून ६० च्या वर न्यावेत काय. माझे मत स्पष्टपणे नकाराचे आहे. नायट्रेट फक्त शेवटच्या दिवशी मोजले आहे. चौदाव्या दिवशी ब्लँकमध्ये नायट्रीकरण कितपत झाले होते याचा पुरावा आमच्याकडे नाही, आणि हव्या त्या दिशेने जाणारी दुरुस्ती तर पुराव्याशिवाय मुळीच करू नये. आकडा ५७ असाच राहील आणि नायट्रेटची नोंद त्याच्या शेजारी राहील.

तसेही, एलएएसच्या निकालासाठी ही दुरुस्ती लागत नाही. दहा दिवसांच्या खिडकीची अट एका शुद्ध संयुगाच्या वक्राला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे : जीवाणू एकदा कामाला लागले की विघटन वेगाने पूर्ण व्हावे. एलएएससारख्या मिश्रणात वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या आणि वेगवेगळ्या जागी कडे असलेले समघटक एकामागून एक मोडतात, त्यामुळे एकत्रित वक्र पसरट होतो, जरी प्रत्येक घटकाचा स्वतःचा वक्र उभा असला तरी. ओईसीडीने २००६ मध्ये मार्गदर्शिकेच्या सुधारित प्रस्तावनेत हे मान्य केले आणि अशा समजातीय सरफॅक्टंटच्या मिश्रणांना खिडकीची अट लावू नये असे सांगितले. युरोपीय डिटर्जंट नियमावलीतही २८ दिवसांत ६० टक्के एवढीच अट आहे. म्हणून एलएएसची नोंद “सुलभ जैवविघटनशील, खिडकीची अट लागू नाही, चौदाव्या दिवशी ५७ टक्के” अशी तिन्ही भागांसह करायची. खिडकीचा आकडा लागू नसला तरी लपवायचा नाही, कारण वाचणाऱ्याला वक्राचा वेग कळण्याचा तोच मार्ग आहे.

याच नोंदीत आणखी एक मर्यादा लिहून ठेवतो. या सर्व चाचण्या ऑक्सिजनयुक्त पाण्यातल्या आहेत. एलएएसच्या विघटनाची पहिली पायरी ऑक्सिजनवर अवलंबून असल्याने ऑक्सिजनविरहित टाक्यांत पचवलेल्या गाळात ते बऱ्याच प्रमाणात टिकून राहते. आमच्या अहवालातले ६८.५ टक्के त्या गाळाबद्दल काहीही सांगत नाहीत.

१४ फेब्रुवारी

बेंझाल्कोनियमसाठी बंद बाटलीची पद्धत, म्हणजे ३०१ डी, सुरू केली. यात जीवाणू फारच थोडे असतात, बाटलीत हवेला जागाच ठेवत नाहीत, आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हाच एकमेव साठा असतो. म्हणून नमुन्याची मात्रा अतिशय कमी ठेवता येते आणि ठेवावीच लागते.

मात्रेचे गणित असे मांडले. २२ अंशांना हवेने संपृक्त पाण्यात लिटरमागे सुमारे ८.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. शेवटी किमान ०.५ उरला पाहिजे आणि ब्लँकमध्ये १.५ पर्यंत खर्च होऊ शकतो, म्हणजे नमुन्याच्या वाट्याला ६.७ येतात. लिटरमागे २ मिलिग्रॅम बेंझाल्कोनियमला, नायट्रोजन अमोनियाच्या रूपात राहिला तर, ५.५६ आणि नायट्रेटपर्यंत गेला तर ५.९ मिलिग्रॅम लागतील. ३ मिलिग्रॅम घेतले तर ८.३ लागतील आणि विघटन पूर्ण होण्याआधीच ऑक्सिजन संपेल. त्यामुळे २ मिलिग्रॅम ही मात्रा ठरली. विषारीपणाच्या नियंत्रणात बेंझोएटही २ मिलिग्रॅम घातले आहे. दोन्ही पदार्थ पूर्ण मोडले तर ऑक्सिजन पुरणार नाही हे खरे, पण ही बाटली चौदाव्या दिवशी वाचून बाजूला ठेवायची आहे आणि तिथे प्रश्न फक्त २५ टक्क्यांचा आहे.

या पद्धतीत प्रत्येक वाचनासाठी एक बाटली उघडावी लागते आणि उघडलेली बाटली पुन्हा वापरता येत नाही. म्हणून २८ दिवसांनंतरच्या वाचनांसाठीच्या बाटल्याही आजच भरून ठेवल्या.

२८ फेब्रुवारी

विषारीपणाच्या नियंत्रणात ऑक्सिजनचा निव्वळ खर्च २.८ मिलिग्रॅम, म्हणजे एकत्रित मागणीच्या ३१ टक्के. या मात्रेत बेंझाल्कोनियम जीवाणूंना रोखत नाही. फक्त बेंझाल्कोनियमच्या बाटल्यांत मात्र निव्वळ खर्च जेमतेम ०.३ मिलिग्रॅम आहे, मोजमापाच्या अनिश्चिततेतून तो नीट वर आलेला नाही.

१४ मार्च

अठ्ठाविसाव्या दिवशी निव्वळ खर्च २.१ मिलिग्रॅम, म्हणजे ३८ टक्के. ब्लँकमध्ये १.१. नायट्रेटमध्ये उल्लेखनीय वाढ नाही, म्हणून मागणी २.७८ धरूनच टक्केवारी काढली आहे. विघटन तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले आणि अजून चालू आहे. सुरुवातीच्या पायरीत लांब साखळी नायट्रोजनपासून सुटते आणि बेंझिलडायमिथिल अमाइन उरते. साखळी आणि अमाइन मोडणारे जीवाणू वेगळे असू शकतात, आणि इतक्या विरळ गाळात ते दोन्ही पुरेशा संख्येने असतीलच असे नाही.

अहवालात बेंझाल्कोनियमसाठी पुढीलप्रमाणे लिहायचे ठरले. लिटरमागे ३६ मिलिग्रॅमला ते रोधक, म्हणून त्या चाचणीवरून विघटनाचा निष्कर्ष काढलेला नाही. लिटरमागे २ मिलिग्रॅमला रोधक नाही, २८ दिवसांत ३८ टक्के, त्यामुळे या चाचणीत सुलभ जैवविघटनशील ठरत नाही. मात्र विघटन सुरू झालेले आहे, म्हणून ते अविघटनशीलही ठरत नाही. राखून ठेवलेल्या बाटल्या ६० व्या दिवसापर्यंत टप्प्याटप्प्याने उघडायच्या. तो वाढीव काळ पाण्यातल्या टिकाऊपणाचा अंदाज घेण्यासाठी वापरता येतो, पण त्यात ६० टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली तरी “सुलभ” हे वर्गीकरण त्यावरून देता येणार नाही, असे अहवालाच्या तक्त्यात त्या रकान्याखालीच लिहिले आहे.

पुढच्या टप्प्यासाठी सतत प्रवाही सक्रियित गाळाची चाचणी, म्हणजे ओईसीडीची ३०३ ए, प्रस्तावित केली आहे. तिच्यात गाळ दाट असतो, त्याला द्रव्याचा सराव होऊ दिला जातो, आणि गाळाला चिकटून किती द्रव्य बाहेर गेले हे वेगळे मोजता येते. धनभारित सरफॅक्टंटसाठी हे वेगळे मोजमाप अनिवार्य ठेवावे, अशी सूचना प्रस्तावात जोडली आहे.